शहापुरातलं बिनपाटीचं दुकान: जुन्या साध्या फर्निचरवर डिकूपाज करून घ्यायचं असेल तर

बेळगावात जुनं फर्निचर पॉलिश करून देणारे भरपूर आहेत, पण साध्या सेकंडहँड टीपॉयवर किंवा कपाटावर कागदाची चित्रं चिकटवून, वर व्हार्निश देऊन ते नव्यासारखं करून देणारं, म्हणजे डिकूपाज नीट करणारं कोणी आहे का हे मला आजवर खूप जणींनी विचारलंय, म्हणून एकदाच सविस्तर लिहिते. बेळगावच्याच शहापूर भागात खडेबाजारातून आत गल्लीत वळलं की एक लांबट जुनं घर आहे, पुढच्या खोलीत दुकान, मागच्या पडवीत काम. दुकानाला पाटी नाही, त्यामुळे नाव सांगता येत नाही, पण गल्लीत कुणालाही "कागद चिकटवून फर्निचर करतात ते" असं विचारलं की हात करून दाखवतात. नवरा-बायको दोघंच. मामा सुतारकाम आणि रंगकाम बघतात, वैनी कागदाचं. मी तिथून एक टीपॉय आणि एक जुनं जाळीचं कपाट करून घेतलंय, दोन्ही आता घरात रोजच्या वापरात आहेत, तेव्हा जे लिहितेय ते वापरून लिहितेय.

पहिली गोष्ट, हे लोक आलेलं प्रत्येक फर्निचर घेत नाहीत, आणि मला त्यांचा हाच गुण सगळ्यात जास्त आवडला. मी गेले तेव्हा माझ्या आधी एक बाई शिसवी खुर्ची घेऊन आल्या होत्या, पाठीला कोरीवकाम, हाताला गोल वळणं, आणि त्यांना ती पांढरी रंगवून वर गुलाब लावून हवी होती. मामांनी खुर्ची उलटी केली, खालून नखाने थोडं खरवडून बघितलं आणि म्हणाले, "शिसव हाय हो अक्का हे, रेषा बगा की कसल्या हाईत. ह्याच्यावर कागद कशाला? पॉलिश करून घेवा, तुमच्या नातवंडापर्यंत चालतंय." आता पॉलिशपेक्षा डिकूपाजचे पैसे जास्त मिळतात, तरी त्यांनी नाही सांगितलं. चांगलं सागवान, शिसव, जुनं होन्नीचं लाकूड आलं की ते रंगवतच नाहीत. कितीही पैसे देते म्हणा.

मग घेतात काय? तर साधं फर्निचर. सपाट, नक्षी नसलेलं, ज्याच्याकडे कुणी वळून बघत नाही असं. मत्तीचं (कोकणात ऐन म्हणतात तेच) किंवा जंगली लाकडाचं टेबल, प्लायवूडचं कपाट ज्याचा वरचा विनियर (चिकटवलेला लाकडाचा पातळ पापुद्रा) जागोजागी उडालाय, ऑफिसातनं निघालेले स्टूल, हॉस्टेलचे टीपॉय. सपाट पृष्ठभागावर कागद नीट बसतो, आणि मूळ लाकडात दाखवण्यासारखं काही नसतं त्यामुळे झाकलं तरी नुकसान नाही. फक्त पार्टिकल बोर्ड ते हातात पण धरत नाहीत. त्याला एकदा पाणी लागून फुगलं की ते परत बसत नाही, स्क्रू पकडत नाही, आणि आपल्याकडच्या पावसात ते फुगणारच. तेव्हा सेकंडहँड घेताना पाय उचलून खालची बाजू बघा, कडेला भुसा दाबून केल्यासारखं दिसलं तर सोडून द्या. आणि बारीक बारीक भोकं आणि खाली पिवळी पूड पडलेली दिसली तर कीड चालू आहे, ते आधी औषध मारून बंद करायला लागतं, नाहीतर सहा महिन्यांनी तुमच्या सुंदर चित्रातनं भुंगा बाहेर येतो.

असं साधं फर्निचर बेळगावात मिळतं मात्र छान. कॅम्पातल्या मिलिटरीच्या लोकांची बदली झाली की बरंच सामान विकून जातात, कॉलेजची वर्षं संपली की मुलं टेबलं-खुर्च्या मातीमोलाने सोडतात, शिवाय टिळकवाडीतली जुनी घरं पाडून अपार्टमेंट होतायत त्यातनं दारं-कपाटं निघतात. माझं जाळीचं कपाट असंच एका घरातनं आलं, स्वयंपाकघरात दूधदुभतं ठेवायचं असतं ना तसलं, वर दोन दारांना जाळी आणि खाली दोन दारांना साध्या फळ्या. हिरवा ऑइलपेंट, त्यावर कित्येक वर्षांचं फोडणीचं तेल. बघून कुणी घेतलं नसतं, पण सांगाडा एकदम घट्ट होता, चुळी (लाकडाचे सांधे) हललेल्या नव्हत्या.

आता कामाबद्दल, कारण खरा फरक इथेच आहे. इंटरनेटवर बघून आपल्याला वाटतं डिकूपाज म्हणजे फेविकॉल लावला, नॅपकिन चिकटवला, झालं. यांच्याकडे कागद हातात यायच्या आधीच अर्ध्याहून जास्त काम होतं.

आधी मामांनी कपाट धुण्याच्या सोड्याच्या कोमट पाण्याने पुसून काढलं, कारण तेलकट थरावर कुठलाच रंग धरत नाही, काही महिन्यांत पापुद्रे सुटतात. मग जुना रंग घासणं. इथे मी मुद्दाम सांगते कारण घरी करणारे बरेच जण हे बघत नाहीत: जुन्या ऑइलपेंटमध्ये शिसं असायचं. आपल्याकडे घरगुती रंगात शिशाचं प्रमाण ९० पीपीएमच्या (दहा लाख भागांत ९० भाग) वर नको हा नियम १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला, म्हणजे त्याआधीच्या रंगाचा भरवसा नाही आणि माझं कपाट तर त्याच्या कितीतरी आधीचं. असला रंग कोरडा घासला की धूळ उडते आणि ती लहान मुलांना सगळ्यात वाईट. मामा पाणी मारून ओल्या पॉलिशपेपरने घासतात, तोंडाला साधं फडकं न बांधता चांगला मास्क लावतात, आणि खाली प्लास्टिक अंथरून सगळा गाळ गोळा करतात. घरी करायचं असेल तर एवढं तरी पाळा, मुलं आणि पोटुशी बाई त्या खोलीत नको.

त्यानंतर भेगा आणि खिळ्यांची भोकं लांबीने (पुट्टीने) भरली, सुकल्यावर परत घासलं, आधी १२० नंबर मग २२० नंबरचा पेपर. मग लाखेच्या चपडीचा एक हात. मला वाटलं हे पॉलिशसाठी, तर वैनी म्हणाल्या की जुन्या लाकडातनं तपकिरी डाग वर येतात, पांढऱ्या रंगातनं आठवड्याभरात चहाचा डाग पडल्यासारखे दिसायला लागतात, चपडीने ते आतच अडकतात. ही गोष्ट मी कितीतरी व्हिडिओ बघून पण मला कुणी सांगितली नव्हती. त्यावर पांढरा प्रायमर आणि मग फिकट रंगाचे दोन हात. फिकटच का, तर पातळ कागदाखाली जो रंग असतो तोच वर दिसतो. गडद निळ्यावर नॅपकिन चिकटवला तर फुलं गायबच होतात. गडद रंग पाहिजेच असेल तर चित्राच्या आकाराएवढी जागा पांढरी ठेवतात आणि कडेने गडद रंग आत खेचतात, ते काम वैनींचंच, हात फार हलका आहे त्यांचा.

कागदात मुख्य तीन प्रकार ठेवलेत. एक म्हणजे छापील पेपर नॅपकिन, तीन पदरी असतात, त्यातला वरचा छापलेला एकच पदर सोडवून घेतात, खालचे दोन पांढरे टाकून देतात. दुसरा राइस पेपर, पातळ पण चिवट, ओला झाला तरी फाटत नाही, महाग आहे पण मोठ्या चित्राला हाच घ्या. तिसरा म्हणजे आपण दिलेल्या चित्राचा प्रिंट, आणि तो लेझरचाच पाहिजे. इंकजेटची शाई पाण्याच्या ग्लूने पसरते, चेहरे निळेजांभळे होतात. कुठल्याही झेरॉक्सवाल्याकडे जाताना हे आधी विचारा. आणि ओरिजिनल काहीही देऊ नका, आजोबांचा फोटो असो की जुनी पत्रिका, तिची कॉपीच द्या. वैनी ओरिजिनल घेतच नाहीत म्हणा.

मी टीपॉयसाठी गंजिफा, म्हणजे जुन्या खेळातले रंगवलेले गोल पत्ते, घेतल्या होत्या. आंबोली उतरून सावंतवाडीला गेलं की राजवाड्यात अजून गंजिफा हाताने रंगवतात, दशावतारी गंजिफेत दहा अवतारांची प्रत्येकी १२ अशी १२० गोल पानं असतात. आमच्या घरी एक छोटा सेट आहे, त्यातल्या पानांच्या कलर लेझर कॉप्या काढून नेल्या. गोल चित्रं चौकोनी टीपॉयवर कशी बसतील याची मला काळजी होती. वैनींनी आधी काहीच न चिकटवता सगळी पानं टीपॉयवर मांडून ठेवली आणि मला म्हणाल्या दोन दिवस विचार करा, परत येऊन बघा. परत गेले तर त्यांनी कडेला एकसारखी ओळ न करता एका कोपऱ्यातनं पत्ते उधळल्यासारखे मांडले होते, काही पानं अर्धी कडेवरनं खाली वळवलेली. ते बघून माझं मनच भरलं. असा विचार करून देणारं माणूस मिळणं कठीण आहे हो. कपाटाच्या आतल्या पाठीला मात्र आमच्या घरातल्या मोडी कागदांच्या कॉप्या लावल्या, जाळीतनं ती अक्षरं पुसट दिसतात, आणि खालच्या दोन दारांवर राइस पेपरची साधी पानाफुलांची चित्रं.

चिकटवायची त्यांची पद्धत अशी की फेविकॉल पाण्याने पातळ करतात, साधारण तीन भाग फेविकॉल एक भाग पाणी, लाकडावर पातळ हात देतात, जाड कागद असेल तर तो आधी पाण्यात बुडवून टिपून घेतात कारण कागद ओला झाला की पसरतो आणि चिकटवल्यावर पसरला तर सुरकुत्या पडतात, आधीच पसरून घेतला की सुकताना तो ताणून बसतो. मग मध्यापासून कडेकडे रबरी रोलरने हवा काढतात. सुकायला पूर्ण दिवस. सुकल्यावर नखाने टकटक करून पोकळ वाजतंय का ते ऐकतात, वाजलं तर ब्लेडने बारीक चीर देऊन आत ग्लू सोडतात. माझ्या टीपॉयवर अशी एक चीर आहे, मला दाखवल्यावर दिसली, एरवी नाही.

वरच्या व्हार्निशबद्दल थोडं जास्त लिहिते कारण बाहेर बहुतेक कामं इथेच बिघडतात. दुसऱ्या एका ठिकाणी केलेला माझ्या ओळखीच्यांचा ट्रे आहे, त्यावर नुसत्या डिकूपाज ग्लूचाच वरचा हात दिलाय, तो जुलैमध्ये हाताला चिकटतो, वर्तमानपत्र ठेवलं तर अक्षरं उमटतात. आपल्याकडच्या दमट हवेत ग्लू हा टॉपकोट होऊच शकत नाही. शहापूरवाले पाण्यातल्या पीयूचे (पॉलियुरेथेन व्हार्निशचे) पातळ पातळ हात देतात, प्रत्येक दोन हातांच्या मधे ४०० नंबरच्या पेपरने हलकं घासून, जोपर्यंत कागदाची कड बोटाला लागत नाही तोपर्यंत. तेलातलं व्हार्निश स्वस्त पडतं आणि कडकही होतं, पण ते काही काळाने पिवळं पडतं आणि पांढऱ्या रंगावर ते लगेच कळतं, त्यामुळे फिकट कामाला ते वापरत नाहीत. चपडी वरून का देत नाही विचारलं तर त्यावर पाण्याचा आणि गरम कपाचा पांढरा डाग पडतो, टीपॉयला ती चालणार नाही. माझ्या टीपॉयवर रोज सकाळी चहाचे कप येतात, पहिला महिना त्यांनी सांगितल्याप्रमाणे गरम काही ठेवलं नाही कारण हाताला कोरडं लागलं तरी आतून पक्कं व्हायला तीन-चार आठवडे जातात, आणि आता एकही डाग नाही.

हा प्रकार काही नवा नाही, हे पण मला तिथेच काम बघत बसल्यावर जास्त जाणवलं. अठराव्या शतकात व्हेनिसमध्ये चिनी-जपानी लाखकामाच्या फर्निचरची मोठी फॅशन होती, खरं लाखकाम परवडत नव्हतं, तर तिथले कारागीर छापील चित्रं कापून साध्या लाकडावर चिकटवायचे, रंगवायचे आणि वर व्हार्निशचे थरावर थर द्यायचे. कापून चिकटवण्यासाठी म्हणून खास चित्रांचे कागद छापणारे छापखाने होते, बासानो गावातल्या रेमोंदिनींचा त्यात फार प्रसिद्ध. म्हणजे साध्या फर्निचरला श्रीमंती द्यायची हीच मूळ कल्पना. आणि कागदकामाचं म्हणाल तर इंग्लंडातल्या मेरी डिलेनी बाईंनी ७२ व्या वर्षी, १७७२ च्या सुमाराला, कागद कापून फुलं करायला घेतली आणि जवळजवळ हजार करून ठेवली, ती आज ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. वैनींच्या हाताखाली त्यांच्या सासूबाई बसतात, वय बरंच आहे, चष्मा लावून बारीक कात्रीने पानांच्या कडा कापतात, एवढी सुबक कापणी की मला वाटतं त्या दुकानातलं सगळ्यात मोलाचं काम तेच आहे. कात्री स्थिर धरायची आणि कागद फिरवायचा, हे त्यांनी मला शिकवलं.

आता जे पटलं नाही ते. वेळ फार लागतो. सांगितलेल्या तारखेला काम मिळेल असं धरू नका, गणपतीच्या आधी तर विसराच, कारण मामा त्या दिवसांत मखरांच्या कामात असतात आणि हे आधी सांगत नाहीत. फोन केला तर उचलतीलच असं नाही. दुसरं, कपाटाच्या ज्या मुठी होत्या, पितळेच्या, जुन्या, त्या काढून त्यांनी चिनीमातीच्या नव्या लावल्या आणि मला न विचारता. मागितल्यावर डब्यातनं शोधून परत दिल्या आणि बसवूनही दिल्या, बोलणं पण चांगलं, पण आधी विचारायला हवं होतं. तुमचं काही जुनं पितळेचं सामान असेल तर देण्याआधी काढून घरी ठेवा. तिसरं, ड्रॉवरच्या आतून काम होत नाही, टीपॉयचा छोटा ड्रॉवर आतून तसाच खरबरीत राहिला, त्याचे वेगळे पैसे पडतील म्हणाले, ते सुरुवातीला सांगायला पाहिजे. आणि चौथं, तयार डिझाइनचा स्टॉक मला अजिबात आवडला नाही, तेच गुलाब, तीच सायकल, तोच आयफेल टॉवर. बेळगावच्या घरात आयफेल टॉवर कशाला? मनापासून सांगते, स्वतःचं चित्र घेऊन जा. शहापुरी साडीच्या काठाची कॉपी घ्या, गोकाकच्या लाकडी खेळण्यांचा फोटो घ्या, आईच्या रांगोळीच्या वहीतलं पान घ्या. तुम्ही काही घेऊन गेलात की वैनींचा चेहरा उजळतो आणि काम पण वेगळंच होतं, हे मी स्वतः बघितलंय.

पैशाचं म्हणाल तर टीपॉयचे १,८०० घेतले आणि कपाटाचे ५,५००, कपाटात रंग काढायचं काम खूप होतं म्हणून. जाळी बदलायची वेगळी. राइस पेपरचे वेगळे. कच्चं बिल देतात, पण कशाचे किती ते मागितलं तर लिहून देतात. महाग वाटेल, मला पण आधी वाटलं, पण त्याच आकाराचं नवीन पार्टिकल बोर्डचं कपाट घ्यायला जा, त्यापेक्षा जास्त पडतं आणि दोन पावसाळे काढत नाही. माझं कपाट एक अख्खा पावसाळा भिंतीला लागून उभं होतं, कागद कुठेही उचलला नाही, फक्त खालचं एक दार थोडं फुगून घट्ट झालं होतं, ते थंडीत आपोआप सुटलं, त्यात त्यांचा दोष नाही, लाकूड आहे ते.

द्यायची वेळ नीट निवडा हे सगळ्यात महत्त्वाचं. जून ते सप्टेंबर काम देऊ नका, घेतात ते, पण वैनीच म्हणतात, "पाऊस लागलाय की वो अक्का, वाळाय नको काय ते?" दमट हवेत व्हार्निश नीट सुकत नाही, वर पांढुरकं धुकं धरतं. दिवाळी झाली की द्या, संक्रांतीपर्यंत आपल्याकडची हवा या कामाला एकदम योग्य. आणि घरी आणल्यावर थेट उन्हाच्या खिडकीत ठेवू नका, प्रिंटचा लाल रंग आधी उडतो. पुसायला नुसतं ओलं पिळलेलं फडकं, स्पिरिट किंवा काच पुसायचं लिक्विड लावू नका.

स्वतः शिकायचं असेल तर वैनी अधूनमधून रविवारी दुपारी दोघी-तिघींना बसवून ट्रे करून घेतात, सामान त्यांचंच, मराठी-कन्नड दोन्हीत समजावतात, निपाणी, खानापूरहून पण बायका येतात. क्लास म्हणून फार आखीव काही नाही, पण घासणं किती आणि कसं हे त्या हातात हात धरून दाखवतात, आणि मला विचाराल तर पैसे त्याचेच आहेत. पहिल्यांदा करणाऱ्यांनी टीपॉय, कपाट घेऊ नका, लाकडी ट्रे किंवा स्टूल घ्या.

जाताना फर्निचरचे चारी बाजूंनी फोटो आणि लांबी-रुंदी लिहून न्या, लगेच होईल की नाही ते सांगतात, उगाच टेम्पोचा फेरा पडत नाही. आणि न्यायला जाल तेव्हा दोन जुन्या गोधड्या बरोबर घ्या, गल्ली अरुंद आहे, टेम्पो आत येत नाही, कोपऱ्यापर्यंत उचलून आणावं लागतं आणि नवीन व्हार्निश कडेला घासलं की लगेच ओरखडा उठतो.